दोन इमारतींमधले साधे फोन फायबरवर कसे न्यायचे

मे महिन्यात मिरजेकडे दुपारी चारच्या सुमाराला वळवाचं आभाळ भरून आलं की मी मोबाइल चार्जिंगला लावतो. पाऊस उघडला की फोन येणार हे ठरलेलं असतं: "हॉस्टेलकडचे इंटरकॉम मुके झालेत, जरा येऊन जा." इंटरकॉमची कामं करून मला २६ वर्षं झाली. त्यातले कितीतरी पावसाळे एकाच आवारातली एकच केबल पुन्हा पुन्हा जोडण्यात गेले. शेवटी ती तांब्याची केबल बंद करून तिथे फायबर टाकली. ते काम कसं केलं, कुठे चुकलं आणि आज परत करायचं झालं तर काय बदलेन, ते सगळं इथे लिहितो. कॉलेज, दवाखाना, साखर कारखाना, आश्रमशाळा असं दोन-चार इमारतींचं आवार ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना थेट उपयोगी पडेल.

आधी जागा समजून घ्या. एका शिक्षणसंस्थेचं आवार. मुख्य इमारतीत इंटरकॉमचं एक्स्चेंज. तिथून ६४० मीटरवर मुलींचं हॉस्टेल, त्यामागे मेस, आणि पलीकडच्या गेटवर वॉचमनची केबिन. या सगळ्यांना मिळून १४ फोन, आणि त्यांच्यासाठी जमिनीतून गेलेली २० पेअरची (म्हणजे तारांच्या २० जोड्यांची) जेलीवाली केबल. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. केबलचा जॉइंट त्या ओढाताणीत उघडतो, आत पाणी जातं, मग लाइनवर खरखर सुरू होते. घुशी केबल कुरतडतात. पाइपलाइनसाठी आलेला जेसीबी एका खोऱ्यात वीसच्या वीस पेअर उचलून बाहेर काढतो. हे सगळं जोडून घेता येतं. विजेचं मात्र काही करता येत नव्हतं.

वीज केबलवरच पडायला लागते असं नाही. आवारात कुठेही पडली तरी त्या क्षणी एका इमारतीची अर्थिंग आणि दुसऱ्या इमारतीची अर्थिंग यांच्यात हजारो व्होल्टचा फरक तयार होतो, आणि त्या दोघींना जोडणारी तांब्याची तार हा त्या विजेचा सरळ रस्ता असतो. एमडीएफवर (एक्स्चेंजशेजारी सगळ्या तारा जिथे जोडतात त्या चौकटीवर) जीडीटी, म्हणजे गॅस भरलेल्या नळ्या, बसवलेल्या होत्या. त्यांनी बरंच वाचवलं, पण दर दोन वर्षांनी एखादं आठ एक्स्टेन्शनचं (आठ फोनचं) कार्ड जळायचंच. जळालेल्या कार्डाचा वास एकदा आला की विसरत नाही. फायबर म्हणजे काच. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये कितीही फरक पडू दे, काचेतून तो पलीकडे जात नाही. फायबर टाकायला माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे.

साधे फोन काढून आयपी फोन का लावले नाहीत, असं मला प्रत्येक जण विचारतो. आयपी फोन चांगले असतात, नवीन इमारतीत मी तेच लावतो. पण या हॉस्टेलमध्ये भिंतींच्या आतून प्रत्येक खोलीपर्यंत दोन तारा आधीच गेलेल्या होत्या. आयपी फोनसाठी प्रत्येक जागी नवी लॅन केबल आणि पीओई स्विच (लॅन केबलमधूनच वीज देणारा) लागला असता, म्हणजे भिंती फोडणं आलं. शिवाय वॉचमनकाकांना अंधारातही हाताच्या सवयीनं दोन आकडे दाबून रेक्टरना फोन लावता येतो. ती सवय मोडायची नाही हे मी कामाआधीच ठरवलं होतं.

त्या दोन तारांमधून काय काय जातं

हे नीट डोक्यात बसलं की बाकीचं काम अर्धं होतं. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. रिसीव्हर उचलला की फोन त्यातून वीसेक मिलिअँपिअर करंट ओढतो आणि व्होल्टेज ६ ते १० पर्यंत खाली येतं. त्यावरून एक्स्चेंजला कळतं की कुणीतरी फोन उचलला, मग ते डायल टोन देतं. घंटी वाजवायची असेल तेव्हा एक्स्चेंज त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडतं, आपल्याकडे २५ हर्ट्झचा. जंपर, म्हणजे जोडणीची तार, हातात असताना कुणी त्या लाइनला फोन लावला तर चांगला झटका बसतो. बोलणं, आकडे दाबल्याचे सूर, कॉल ट्रान्सफर करताना हूक क्षणभर दाबणं, हे सगळंही याच दोन तारांवरून जातं.

फायबरमधून यातलं काहीच जसंच्या तसं जात नाही. म्हणून दोन टोकांना दोन डबे लागतात. एक्स्चेंजकडचा डबा एक्स्चेंजला "मी फोन आहे" असं भासवतो: घंटी आली की ओळखतो, सांगितलं की लाइन उचलतो. हॉस्टेलकडचा डबा फोनला "मी एक्स्चेंज आहे" असं भासवतो: ४८ व्होल्ट देतो, घंटीचा करंट स्वतः तयार करतो, उचललेला रिसीव्हर ओळखतो. पहिल्याच्या पोर्टला एफएक्सओ म्हणतात, दुसऱ्याच्या पोर्टला एफएक्सएस.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डब्यावरची अक्षरं पुसट असतात, दुकानदार दोन्ही डबे एकाच खोक्यात भरून देतो, आणि घाईत ते उलटे बसतात. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलाला मी एकच सवय लावली आहे. डबा चालू करायचा, पोर्टवर काहीही न जोडता मीटर लावायचा. ४८ च्या आसपास डीसी दिसले तर तो एफएक्सएस, तो फोनच्या बाजूला जाणार. काहीच दिसलं नाही तर एफएक्सओ, तो एक्स्चेंजच्या बाजूला. एफएक्सएस पोर्ट एक्स्चेंजच्या एक्स्टेन्शनला चुकूनही जोडू नका. दोघंही व्होल्टेज देणारे असतात आणि घंटी आली की कुणाचं तरी कार्ड जातं.

कोणता डबा घ्यायचा

दोन जाती आहेत. पहिली पीसीएम मक्स, बाजारात तिला "फोन ओव्हर फायबर" असंही म्हणतात. ती आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेते, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका लाइनला ६४ किलोबिट. अशा ३० लाइन आणि सोबतची नियंत्रणाची माहिती मिळून २.०४८ मेगाबिटचा ई-वन प्रवाह होतो. टेलिफोन खात्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना हे तोंडपाठ असतं. डबे जोडीनं येतात, पहिल्या डब्याचा ५ नंबरचा पोर्ट दुसऱ्या डब्याच्या ५ नंबरला कायमचा बांधलेला. सेटिंग जवळजवळ नाहीच.

दुसरी जात व्हॉइस गेटवेची. ती आवाजाची पाकिटं करून नेटवर्कवरून पाठवते. ए-लॉ जी.७११ ही आवाजाची तीच ६४ किलोबिटची पद्धत वापरली आणि २० मिलिसेकंदांचं पाकीट ठेवलं तर एका कॉलला एका दिशेनं साधारण ८७ किलोबिट लागतात. आजच्या नेटवर्कला हे काहीच नाही. आवारात आधीच फायबरवर लॅन असेल आणि कोअर, म्हणजे केबलमधले काचेचे धागे, शिल्लक नसतील तर गेटवेच घ्यावा लागतो. फोनचा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) वेगळा ठेवा, फोनला प्राधान्य द्या, आणि शांततेच्या वेळी पाकिटं थांबवण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर बोलण्याचे पहिले शब्द कापले जातात.

दोन मोकळे कोअर मिळत असतील तर मी पीसीएम घेतो. गेटवे चालायला मधला प्रत्येक स्विच जिवंत लागतो. परीक्षेच्या काळात नेटवर्कवाल्यानं स्विच बदलला, व्हीलॅन टाकायला विसरला, की हॉस्टेलचे फोन बंद. हे मी एका ठिकाणी पाहिलं आहे. पीसीएममध्ये दोन डबे आणि मध्ये काच, बस्स. आवाजाला उशीरही नगण्य होतो. गेटवेमध्ये पाकीट भरायला आणि पलीकडे सांभाळून ठेवायला मिळून ५०-६० मिलिसेकंद सहज जातात, आणि उशीर वाढला की स्वतःचाच आवाज परत ऐकू यायला लागतो.

माझ्या कामाला १६ पोर्टची जोडी घेतली, १४ फोन आणि दोन शिल्लक. खरेदी करताना तीन गोष्टी लेखी मागा: फोनकडच्या डब्याला ४८ व्होल्ट डीसीची इनपुट आहे का, हूक फ्लॅश (ट्रान्सफरसाठी हूक क्षणभर दाबणं) पलीकडे जातो का, आणि सगळे फोन एकदम वाजले तर घंटीचा करंट पुरतो का. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, आणि फायर अलार्मच्या वेळी नेमकी तीच लागते.

आधी हिंडा, मग खणा

एक्स्चेंजपासून शेवटच्या फोनपर्यंत मी दोन दिवस पायी हिंडलो. हातात वही, खिशात टेस्ट फोन. प्रत्येक पेअरचा रंग, क्रोनवरचा (तारा जोडायच्या पट्टीवरचा) नंबर, एक्स्टेन्शन, खोली, आणि तो फोन कशासाठी आहे ते लिहून काढलं. केबलमध्ये पहिली पेअर पांढरी-निळी, मग पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी, पांढरी-राखाडी, त्यानंतर लाल-निळी असा क्रम असतो. पण वीस वर्षांत इतक्या जणांनी जंपर बदललेले होते की रंगावर विसंबून चाललं नसतं. चार पेअर कुणीतरी कधीतरी उलटसुलट करून ठेवल्या होत्या. एक एक्स्टेन्शन चक्क बंद पडलेल्या खोलीत वाजत होतं.

जुनी केबल तपासायची असेल तर दोन्ही टोकं सोडवल्याशिवाय मेगर (जास्त व्होल्टेज सोडून गळती तपासणारा मीटर) लावू नका, नाहीतर एक्स्चेंजचं कार्ड तुम्हीच जाळाल. पलीकडचं टोक शॉर्ट करून ओहम मोजले तर ०.५ मिलिमीटरच्या तारेला ६४० मीटरवर ११० च्या आसपास यायला हवेत. आमच्याकडे काही पेअरना ३०० च्या वर येत होते. जॉइंटमधलं तांबं हिरवं पडलेलं होतं.

हिंडताना एक यादी वेगळी करा: कोणता फोन कधीही बंद पडता कामा नये. आमच्या यादीत रेक्टरची खोली, हॉस्टेलच्या जिन्याखालचा फोन, आजारी मुलींची खोली आणि गेट असे चार होते. पुढचा बॅटरीचा सगळा हिशोब या यादीवर ठरतो.

फायबर टाकणं

सिंगल मोड फायबर घ्या, म्हणजे बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची. मल्टिमोडचा विचारही करू नका. आता केबलच्या किमतीत तसा फरक राहिलेला नाही आणि उद्या अंतर वाढलं तरी सिंगल मोड पुरते. दोन कोअर लागत असले तरी किमान सहा टाका. खणायचा खर्च एकदाच होतो. सहा कोअरचे रंग क्रमानं निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. निळा-नारिंगी फोनला, हिरवा-तपकिरी कॅमेऱ्यांसाठी, उरलेले दोन हात न लावता ठेवले.

लोखंडी पट्टीची आर्मर्ड केबल घुशींपासून वाचवते, पण ती पट्टीही धातूच, म्हणजे विजेला पुन्हा तोच रस्ता. म्हणून मी ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप मीटरभर खोल टाकला आणि त्यातून धातू नसलेली केबल ओढली. पाइपची दोन्ही तोंडं नीट बंद केली, कारण घूस उघड्या तोंडातूनच शिरते. वर फूटभर मातीनंतर पिवळी इशारापट्टी टाकली, जेसीबीवाल्याला पाइपच्या आधी ती दिसावी म्हणून. प्रत्येक चेंबरमध्ये दहा मीटर केबल गुंडाळून सोडली. पुढे कधी केबल तुटली तर ओढून घ्यायला तीच उपयोगी पडते. ओढताना केबल तिच्या जाडीच्या वीसपट त्रिज्येपेक्षा आवळ वाकवू नका.

स्प्लाइसिंग, म्हणजे काचेला काच जोडणं, कुणाकडून तरी करून घेतलं तरी शेजारी उभं राहून बघा. चांगला कारागीर ट्यूबमधली जेली आधी पूर्ण पुसतो, आवरण सोलल्यावर काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो, आणि पुसताना बारीक चीं असा आवाज येतो. तो आवाज आला की काच स्वच्छ झाली. मग क्लीव्हरनं सरळ छेद, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर, एक ठिणगी, आणि स्लीव्ह तापवून घट्ट. त्या जोडावर प्रकाश किती वाया जातो त्याचा अंदाज मशीन डीबीमध्ये दाखवतं, तो ०.०५ डीबीच्या वर गेला तर मी पुन्हा करायला सांगतो. क्लीव्ह केलेले काचेचे तुकडे डबीत गोळा झालेच पाहिजेत. ते कातडीत घुसले तर दिसतही नाहीत. आणि फायबरच्या तोंडात डोळा घालून "लाइट येतोय का" बघू नका. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातोच.

मोजायचं किती? १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरा. ६४० मीटरला ०.२२. दोन स्प्लाइस ०.१ प्रमाणे ०.२. दोन कनेक्टर ०.५ प्रमाणे १. एकूण दीड डीबीच्या आत. आम्हाला पहिल्यांदा ४.८ आले. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, केबल कुठेतरी दाबली गेली वाटतं, परत खणायचं का?" मी कनेक्टरवर क्लीनर फिरवला, परत मोजले तर १.३. केबलवर संशय घ्यायच्या आधी कनेक्टर पुसा. आणखी एक: हिरव्या टोकाचा कनेक्टर म्हणजे एपीसी, त्याचं तोंड तिरपं घासलेलं असतं, निळा म्हणजे यूपीसी, त्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण चालत नाही आणि तोंड खराब होतं ते वेगळंच.

एकाच कोअरवर चालणारी जोडी घेतली असेल तर एक डबा १३१० वर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन्हीकडे एकाच जातीचा मॉड्यूल (डब्याचा प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) लागला तर लिंक कधीच येणार नाही. आणि दुकानदार "जास्त पल्ल्याचा चांगला" म्हणून ४० किंवा ८० किलोमीटरचा मॉड्यूल देऊ लागला तर घेऊ नका. एवढ्या जवळून तेवढा प्रकाश आला की रिसीव्हर बधिर होतो. मग मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावावा लागतो.

डबे जागेवर नेण्याआधी दोन्ही एकाच टेबलावर ठेवून, मध्ये पॅचकॉर्ड लावून, दोन दिवस चालवा. जे काही बिघडायचं ते टेबलावर बिघडू दे.

वीज: इथे मी चुकलो होतो

तांब्याच्या लाइनवर हॉस्टेलमधल्या फोनला वेगळी वीज कधीच लागली नव्हती. एक्स्चेंजची बॅटरी ६४० मीटरवरून त्याला जेवू घालत होती. हॉस्टेलची लाइट दोन दिवस गेली तरी इंटरकॉम चालू. फायबर टाकली की ही सोय जाते. हॉस्टेलचा डबा तिथल्या विजेवर चालतो, आणि ती गेली की १४ च्या १४ फोन एकदम मुके.

मला हे माहीत होतं. म्हणून मी डबा हॉस्टेलच्या इन्व्हर्टरवर लावला आणि समाधानानं घरी गेलो. पुढच्या महिन्यात वादळात रात्री अकराला लाइट गेली. त्या इन्व्हर्टरवर पंखे होते, ट्यूब होत्या, शंभरावर मोबाइल चार्जिंगला लागलेले होते. दोनच्या सुमारास तो बसला. अडीचला एका मुलीला दम्याचा अ‍ॅटॅक आला. रेक्टर मॅडमनी इंटरकॉम उचलला, लाइन मेलेली. मोबाइलला रेंज नव्हती. मॅडम छत्री घेऊन चिखलातून गेटपर्यंत चालत गेल्या, वॉचमनकाकांनी मोटारसायकलवरून जाऊन गाडी आणली. मुलगी वाचली. सकाळी मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "आधीचा फोन खरखरायचा, पण लागायचा." त्या वाक्यानंतर मी त्याच दिवशी बॅटरी आणायला गेलो.

आता कसं करतो ते सांगतो. फोनकडच्या डब्याला त्याची स्वतःची बॅटरी, दुसरं काहीही त्यावर नाही. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या चार एसएमएफ (पाणी घालावं न लागणाऱ्या) बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ४८ व्होल्ट. हिशोब सोपा आहे: ४८ गुणिले ७, साधारण ३३६ वॉट-अवर. यातले निम्मेच धरायचे, कारण बॅटरी म्हातारी होते आणि तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. उरले १६८. माझा डबा सगळे फोन ठेवलेले असताना मोजून १२ वॉट खातो. उचललेल्या प्रत्येक फोनला साधारण एक वॉट जास्त (४८ व्होल्ट गुणिले २० मिलिअँपिअर). सरासरी १४ धरले तर बारा तास मिळतात. तुमच्या डब्याचे वॉट स्वतः मोजा, पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. चार्जर ५४ व्होल्टच्या आसपास फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राहील असा, ठेवा.

टेलिफोनमध्ये बॅटरीचा प्लस अर्थला जोडतात आणि लाइनवर मायनस ४८ येतात. जमिनीतलं तांबं गंजून झडू नये म्हणून ही पद्धत पडली. डब्यावर "-४८" लिहिलेलं असेल तर आधी कंपनीचं जोडणीचं चित्र बघा, आणि सोलर-इन्व्हर्टरवाल्या इलेक्ट्रिशियनला सवयीनं मायनस अर्थ करू देऊ नका.

बॅटरीवर कायम शाईनं बसवल्याची तारीख लिहा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ती तीन वर्षांच्या वर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून चार तास डबा बॅटरीवर चालवायचा आणि शेवटी व्होल्टेज लिहायचं. एक्स्चेंजकडच्या डब्यालाही बॅटरी लागते, तो एक्स्चेंजच्याच बॅटरीवर घ्या. मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असेल तर त्यालाही. साखळीतली एक कडी विजेवर राहिली तरी बाकीच्या बॅटऱ्या फुकट.

जोडणी आणि सेटिंग

क्रोनवर डब्यासाठी नवे मॉड्यूल लावा, जुने आणि नवे एकत्र करू नका. डिस्कनेक्शनचे मॉड्यूल घ्या, म्हणजे मध्ये प्लग घालून एक बाजू एक्स्चेंजची, एक बाजू डब्याची वेगळी तपासता येते. पेअर क्रोन टूलनंच पंच करा. स्क्रूड्रायव्हरनं दाबलेली तार सहा महिन्यांनी सुटते. वहीतली यादी टाइप करून दोन्ही कपाटांच्या दारांना आतून चिकटवा.

गेटकडची केबिन हॉस्टेलपासून ९० मीटरवर, तिथे खांबावरून ड्रॉप वायर गेली होती. तेवढा तुकडा मी तांब्याचाच ठेवला आणि हॉस्टेलच्या टोकाला जीडीटी लावली. तिथे आभाळातली वीज आली तरी फार तर हॉस्टेलचा डबा जाईल, एक्स्चेंजपर्यंत पोचणार नाही.

सेटिंगमध्ये आवाजाच्या गेनला शक्यतो हात लावू नका. कुणी "आवाज बारीक येतो" म्हणालं की गेन वाढवायचा मोह होतो. वाढवला की दोन तारांवरून आवाज मागे फिरतो, घुमतो, आणि जास्त झाला तर शिट्टी वाजते. आधी फोनचा माउथपीस बघा. हूक फ्लॅशचा काळ एक्स्चेंजमध्ये जो असेल तोच डब्यात टाका, बहुतेक ठिकाणी ६०० मिलिसेकंद असतात. जुळला नाही तर ट्रान्सफर करताना कॉल तुटतो.

एखादी पी अँड टी लाइन, म्हणजे बाहेरची लाइन, गेटवेच्या एफएक्सओवर घेऊन पलीकडे नेणार असाल तर दोन गोष्टी जास्तीच्या. कॉलर आयडी आपल्याकडच्या बहुतेक लँडलाइनवर डीटीएमएफ पद्धतीनं (आकडे दाबल्याच्या सुरांनी) पहिल्या घंटीच्या आधी येतो. गेटवे परदेशी सेटिंगवर असेल तर नंबर दिसणार नाही. आणि समोरच्यानं फोन ठेवला हे गेटवेला कळायला हवं. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. हे आकडे टाकले नाहीत तर बोलणं संपल्यावरही लाइन अडकून राहते आणि सकाळपर्यंत बाहेरून कुणाचा फोन लागत नाही.

फॅक्स असेल तर जी.७११ वरच चालवा किंवा टी.३८ (पाकिटांवरून फॅक्स पाठवायची पद्धत) लावा. ई-वनवर दोन उपकरणं असतील तर एकाचा क्लॉक मास्टर आणि दुसरा त्याच्यामागून चालणारा ठेवा. दोन्ही आपापल्या क्लॉकवर सोडले तर बोलण्यात मधूनमधून टिक-टिक येते, आणि फॅक्सचं पान अर्ध्यावर तुटतं.

तपासणी

प्रत्येक फोनवर माणूस उभा करून करायची. डायल टोन येतो का, दाबलेलाच नंबर लागतो का, बाहेरून घंटी वाजते का, ट्रान्सफर होतो का. मग दोन्हीकडची लाइट पाडून हेच पुन्हा. शेवटी सगळे १४ फोन एकदम वाजवून बघायचे. आमच्याकडे मेसमधल्या आचारी मावशींनी "काय झालं, काय झालं" म्हणून बाहेर धाव घेतली होती, त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं.

तांब्यावर वाढलेल्या माणसाला फसवणारी एक खूण लक्षात ठेवा. पूर्वी फोनवर ४८ व्होल्ट दिसले म्हणजे एक्स्चेंजपर्यंत लाइन ठीक. आता ते ४८ व्होल्ट हॉस्टेलचा डबाच देतो. फायबर तुटली तरी मीटरवर ४८ येऊ शकतात आणि रिसीव्हरमध्ये नुसती शांतता असते. म्हणून व्होल्टेज बघून समाधान मानू नका, डायल टोन ऐका आणि डब्यावरचा एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा बघा. तसंच ऑपरेटरला रिंग ऐकू आली म्हणजे पलीकडे घंटी वाजली असं नाही, ती रिंग एक्स्चेंजच ऐकवतं. यादीतल्या चार महत्त्वाच्या फोनांना रोज सकाळी ऑपरेटरनं फोन लावायचा आणि पलीकडून माणसाचा आवाज ऐकायचा, अशी पद्धत आम्ही लावून घेतली. एकच फोन बंद असेल तर दोष क्रोनपासून खोलीपर्यंत शोधा. सगळेच बंद असतील तर आधी वीज, मग कनेक्टर, मग फायबर.

जुनी केबल

महिनाभर नवं काम नीट चाललं की जुनी तांब्याची केबल दोन्ही टोकांना क्रोनवरून काढा. हे काम सगळे राहू देतात. "असू दे, कधी लागली तर" म्हणून तिचे जंपर तसेच ठेवतात, आणि पुढच्या मे महिन्यात वीज त्याच रस्त्यानं एक्स्चेंजमध्ये येते. एक पेअर जरी जोडलेली राहिली तरी फायबरचा सगळा खर्च वाया. मी मुख्य इमारतीत वीसही पेअर एकत्र पिळून अर्थला बांधल्या, हॉस्टेलकडचं टोक सोलून बंद केलं, आणि वर लाल टेप गुंडाळून "जोडू नये" असं लिहिलं.

त्यानंतरच्या पहिल्या वळवाला मी आवारातच होतो, मुख्य इमारतीच्या एमडीएफपाशी. ग्राउंडच्या कडेच्या नारळावर वीज पडली, आवाजानं खिडक्या हलल्या आणि लाइट गेली. अंधारात टेस्ट फोन क्रोनला लावून मी रेक्टर मॅडमचा नंबर फिरवला. दुसऱ्या घंटीला त्यांनी उचलला.